मॅग्नेटार सापडला, रेडिओ स्फोट घडतो कसा, हा प्रश्न मात्र उरतो

प्रश्न असा आहे: २०२० साली आपल्याच आकाशगंगेतील एका मॅग्नेटारकडून, म्हणजे प्रचंड चुंबकक्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याकडून (कोसळलेल्या ताऱ्याच्या अतिघन अवशेषाकडून), रेडिओ स्फोट आलेला दिसला, तेव्हा दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या, काही मिलिसेकंदांच्या वेगवान रेडिओ स्फोटांचे, म्हणजे एफआरबींचे, कोडे सुटले असे म्हणायचे का? आणि सुटले असेल, तर हे स्फोट घडवणारी भौतिक प्रक्रिया नेमकी कोणती?

यात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. स्फोट कोण करते हा एक, आणि तो कसा होतो हा दुसरा. वीज ढगातून पडते हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते, पण ढगात विद्युतभार वेगळे कसे होतात हे त्यावरून कळत नव्हते. एफआरबींच्या बाबतीत आपण साधारण त्याच टप्प्यावर आहोत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. दुसऱ्यावर दोन पक्षांत गंभीर वाद आहे, आणि गेल्या काही वर्षांतील निरीक्षणांमुळे तो वाद एका बाजूला झुकू लागला आहे, असे माझे मत आहे. ते मत कशावर आधारलेले आहे, हे नीट समजण्यासाठी मोजमापांपासून सुरुवात करावी लागते.

२००७ साली डंकन लॉरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या जुन्या नोंदींमधून २००१ सालचा एक स्पंद शोधून काढला. तो ५ मिलिसेकंदांहून कमी काळ टिकला होता आणि त्याची तीव्रता सुमारे ३० जान्स्की होती, म्हणजे दूरच्या रेडिओ स्रोताच्या मानाने अतिशय प्रखर. त्याच्या उच्च वारंवारतेच्या लहरी आधी आणि कमी वारंवारतेच्या लहरी नंतर पोहोचल्या होत्या. अवकाशातील मुक्त इलेक्ट्रॉनांमधून जाताना रेडिओ लहरींचे असे अपस्करण होते आणि उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. या उशिरावरून वाटेतील इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या काढली, तेव्हा ती त्या दिशेला आपल्या आकाशगंगेत असू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या कितीतरी पट निघाली, आणि म्हणून स्रोत आकाशगंगेबाहेरचा असला पाहिजे असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे काही वर्षे या शोधावर संशयाचे सावट राहिले, कारण त्याच दुर्बिणीत तशाच घसरत्या वारंवारतेचे पृथ्वीवरील संकेतही नोंदले जात होते. मायक्रोवेव्ह ओव्हन चालू असतानाच त्याचे दार उघडले की ते संकेत निर्माण होतात, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले आणि खरे स्फोट त्यांच्यापासून निःसंशयपणे वेगळे करता आले. २०१६ मध्ये एफआरबी १२११०२ हा स्रोत पुन्हा पुन्हा स्फोट करतो हे समोर आले, आणि २०१७ मध्ये त्याचे अचूक स्थान ठरून तो दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या एका बटू दीर्घिकेत आहे हे निश्चित झाले. अंतराचा प्रश्न तेथे संपला आणि ऊर्जेचा प्रश्न अधिक तीव्र झाला.

एका मिलिसेकंदात प्रकाश सुमारे ३०० किलोमीटर जातो. एखादा स्रोत मिलिसेकंदात उजळून विझत असेल, तर (तो आपल्याकडे प्रकाशाच्या वेगाजवळच्या वेगाने येत नसेल, ही अट धरून) त्याचा आकार यापेक्षा मोठा असू शकत नाही. इतक्या लहान जागेतून इतकी रेडिओ ऊर्जा येते आहे, असे मानून त्या जागेचे दीप्ती तापमान (केवळ उष्णतेने तितके चमकायला लागणारे तापमान) काढले, तर ते १ वर ३५ किंवा त्याहून अधिक शून्ये इतके केल्विन येते. कोणताही पदार्थ खरोखर इतका तापत नाही. सुटे सुटे इलेक्ट्रॉन स्वतंत्रपणे प्रारण देत असतील, तर दीप्ती तापमान १ वर १२ शून्ये इतक्या केल्विनच्या आसपास अडते, कारण त्यापुढे इलेक्ट्रॉन स्वतःच निर्माण केलेल्या रेडिओ कणांना धडका देऊन आपली ऊर्जा क्ष-किरणांच्या आणि गॅमा किरणांच्या रूपात झपाट्याने गमावतात. नोंदलेले मूल्य आणि ही मर्यादा यांत तेवीस शून्यांचा फरक आहे. एफआरबींच्या कोणत्याही सिद्धांताने सर्वांत आधी या तेवीस शून्यांचा हिशेब द्यावा लागतो, आणि बहुतेक आकर्षक कल्पना नेमक्या तेथेच अडखळतात.

यावर भौतिकशास्त्राला ठाऊक असलेले उत्तर एकच आहे. प्रारण सुसंगत असले पाहिजे, म्हणजे असंख्य विद्युतभारित कणांनी एका तालात लहरी सोडल्या पाहिजेत. एक कोटी इलेक्ट्रॉन आपापल्या मर्जीने प्रारण देत असतील, तर एकूण शक्ती एका इलेक्ट्रॉनच्या एक कोटी पट होते. तेच इलेक्ट्रॉन एका तालात चालले, तर त्यांची विद्युतक्षेत्रे एकमेकांत मिळतात आणि शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती कोटी गुणिले कोटी इतकी होते. पल्सार, म्हणजे फिरता फिरता नियमित रेडिओ स्पंद देणारे न्यूट्रॉन तारे, हेच करतात. खेकडा तेजोमेघातील पल्सारचे काही नॅनोसेकंदांचे स्पंद दीप्ती तापमानात एफआरबींनाही मागे टाकतात. त्यामुळे निसर्गाला हे साधते याबद्दल शंका नाही.

हा ताल जुळतो कसा, यावरच सगळा वाद आहे. ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला अँटेनाचा: लहरीच्या लांबीपेक्षा लहान जागेत पुष्कळ कण पुंजक्याने एकत्र येतात आणि एकाच मोठ्या विद्युतभारासारखे वागतात. १.४ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे २१ सेंटिमीटर असते, म्हणजे पुंजका निदान एका दिशेने तरी तेवढा अरुंद हवा. दुसरा मार्ग मेसरचा (लेसरचे रेडिओ लहरींतील भावंड): आयनद्रवात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूत, कणांची मांडणी अशी अस्थिर होते की तेथे उत्पन्न झालेली लहर पुढे जाता जाता कणांची ऊर्जा खेचून घेत स्वतःच वाढत जाते. हे दोन मार्ग लक्षात ठेवावेत, कारण पुढील बहुतेक प्रतिमाने यांपैकी एकाचा आधार घेतात.

आता ऊर्जेचा साठा. दूरच्या दीर्घिकांमधील नमुनेदार एफआरबी सर्व दिशांना सारखाच पसरतो असे धरले, तर त्याची रेडिओ ऊर्जा १ वर ३८ ते ४२ शून्ये इतके अर्ग (ऊर्जेचे एकक) भरते. या पट्ट्याच्या मध्यावरचा स्फोट घेतला, तरी सूर्य साधारण महिनाभरात जेवढी ऊर्जा टाकतो तेवढी ऊर्जा तो काही मिलिसेकंदांत केवळ रेडिओ लहरींच्या रूपात टाकतो. प्रारणाचा झोत अरुंद असेल तर खरी ऊर्जा पुष्कळ कमी होईल, तरीही अतिशय लहान आकाराचा आणि तत्काळ मोकळा होऊ शकणारा मोठा साठा लागतोच. न्यूट्रॉन ताऱ्याचा आकार योग्य आहे. सामान्य पल्सारची परिवलनातून मिळणारी शक्ती बहुतेक एफआरबींना अपुरी पडते. मॅग्नेटारची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पृष्ठभागावरील चुंबकक्षेत्र १ वर १४ ते १५ शून्ये इतके गौस असते (पृथ्वीचे सुमारे अर्धा गौस आहे), आणि एवढ्या क्षेत्रात साठलेली चुंबकीय ऊर्जा १ वर ४५ ते ४७ शून्ये इतके अर्ग भरते. आतील क्षेत्र अधिक तीव्र असेल, तर तीही मर्यादा ओलांडली जाते. हे क्षेत्र ताऱ्याच्या घन कवचावर सतत ताण देत असते, कवच सरकते किंवा तडकते, बाहेरच्या चुंबकरेषांना पीळ बसतो आणि त्यांच्यावरून लहरी धावत सुटतात. क्ष-किरणांतील उद्रेक अशा रीतीने घडतात, ही कल्पना एफआरबींच्या आधीपासून रुजलेली आहे.

२८ एप्रिल २०२० रोजी एसजीआर १९३५+२१५४ या मॅग्नेटारकडून आलेला स्फोट कॅनडातील चाइम दुर्बिणीने आणि अमेरिकेतील स्टेअर-२ या छोट्या उपकरणाने स्वतंत्रपणे नोंदला. त्याच क्षणी इन्साइट-एचएक्सएमटी, इंटिग्रल, कोनुस-विंड या अवकाशातील उपकरणांनी त्याच ताऱ्याचा क्ष-किरण उद्रेक नोंदला. रेडिओत सुमारे २९ मिलिसेकंदांच्या अंतराने दोन शिखरे होती आणि क्ष-किरणांत त्यांना जुळणारी शिखरे होती. रेडिओ ऊर्जा क्ष-किरणांच्या ऊर्जेच्या सुमारे एक लक्षांश होती. तोवर ज्ञात असलेल्या सर्वांत क्षीण दूरच्या एफआरबीपेक्षाही हा स्फोट काही दशपट दुबळा होता, पण इतर कोणत्याही मॅग्नेटारच्या रेडिओ स्पंदापेक्षा तो हजारो पट बलवान होता. मॅग्नेटार एफआरबीसारखे स्फोट करू शकतात, हे त्या दिवशी ठरले.

त्याच दिवशीची एक दुसरी नोंद मला तितकीच बोलकी वाटते. चीनची ५०० मीटर व्यासाची फास्ट दुर्बीण या स्फोटाच्या काही तास आधी याच ताऱ्याकडे रोखलेली होती आणि तिच्या निरीक्षणकाळात ताऱ्याने २९ क्ष-किरण उद्रेक केले. त्यांपैकी एकाबरोबरही रेडिओ स्पंद आला नाही, आणि ही दुर्बीण इतकी संवेदनशील आहे की २८ एप्रिलच्या स्फोटाच्या कोट्यंश इतका क्षीण स्पंदही तिच्या नजरेतून सुटला नसता. याहून मोठे उदाहरण २७ डिसेंबर २००४ चे आहे. एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारने त्या दिवशी १ वर ४६ शून्ये इतक्या अर्गहून मोठा गॅमा किरण उद्रेक केला. पार्क्स दुर्बीण त्या वेळी दुसरीकडे पाहत होती, पण उद्रेकाला शोभेल असा एफआरबी झाला असता, तर तो तिच्या बाजूच्या दिशांतूनही सहज जाणवला असता. श्रीहर्ष तेंडुलकर, व्हिक्टोरिया कास्पी आणि चिराग पटेल यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की तसे काहीच नोंदले गेले नाही. म्हणजे चुंबकीय ऊर्जा मोकळी होणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. काहीतरी आणखी जुळून यावे लागते: झोत आपल्या दिशेने असणे, कवचाचा विशिष्ट भाग हलणे, किंवा चुंबकावरणातील, म्हणजे ताऱ्याभोवतीच्या त्याच्या चुंबकक्षेत्राच्या ताब्यातील भागातील, आयनद्रव नेमक्या घनतेचे असणे. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच ताऱ्याच्या परिवलनाचा वेग सुमारे नऊ तासांच्या अंतराने दोनदा अचानक वाढला आणि त्या दोन घटनांच्या मधल्या काळातच त्याने पुन्हा एफआरबीसारखा स्फोट केला. ताऱ्याच्या अंतरंगातील हालचाल बाहेरच्या चुंबकावरणाची अवस्था बदलते आणि त्या बदललेल्या अवस्थेतच रेडिओ स्फोट शक्य होतो, असा याचा अर्थ मी लावतो.

आता मूळ वादाकडे. एका पक्षाचे म्हणणे असे, की रेडिओ लहरी ताऱ्यापासून फार दूर निर्माण होतात. मॅग्नेटारच्या उद्रेकातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने बाहेर फेकलेले द्रव्य आधीच्या उद्रेकांतून साठलेल्या, किंवा ताऱ्याच्या वाऱ्यातून आलेल्या, द्रव्यावर आदळते आणि आघात तरंग तयार होतो. समोरचे द्रव्य चुंबकित असेल तर आघाताच्या तोंडाशी कण चुंबकरेषांभोवती एकत्र गिरक्या घेऊ लागतात. त्यांची मांडणी कड्यासारखी होते, ती अस्थिर असते, आणि त्यातून मेसर पेटतो. ल्युबार्स्की, बेलोबोरोदोव्ह आणि पुढे मेट्झगर, मार्गालिट व सिरोनी यांनी हा विचार विकसित केला. इतक्या दूर घडणारी गोष्ट मिलिसेकंदाची कशी दिसते, हा आक्षेप येथे सहज सुचतो, पण त्याला चोख उत्तर आहे. आघात तरंग स्वतःच सोडलेल्या लहरींच्या मागोमाग जवळजवळ त्यांच्याच वेगाने धावत असतो. लोरेंट्झ गुणक (वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती जवळ आहे हे सांगणारी संख्या) १०० असेल, तर तरंगाचा ६० लाख किलोमीटरचा, म्हणजे २० सेकंदांचा, प्रवास निरीक्षकाला २० हजार पट आकुंचित होऊन फक्त १ मिलिसेकंदाचा दिसतो.

या प्रतिमानाची बाजू बळकट आहे हे मान्य केले पाहिजे. मेसरचे गणित संगणकावर कणाकणाने सोडवून तपासता येते आणि तो खरोखर पेटतो. आघाताने तापलेले द्रव्य क्ष-किरण देते, आणि त्या तुलनेत रेडिओ ऊर्जा लक्षांशाच्या घरात यावी हे २०२० च्या निरीक्षणाशी चांगले जुळते. आघात तरंग पुढे सरकताना मंदावतो, त्यामुळे वारंवारता घसरत जावी अशी अपेक्षा आहे, आणि पुनरावर्ती स्रोतांच्या स्फोटांमध्ये तशी घसरण दिसतेही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की लहरी ताऱ्याच्या चुंबकावरणातच निर्माण होतात. कवच हलल्याने उठलेली लहर चुंबकरेषांवरून वर जाते. उंचीवर आयनद्रव विरळ होते आणि एक वेळ अशी येते, की लहरीला आवश्यक असलेला विद्युतप्रवाह वाहून नेण्यास पुरेसे भारित कणच उरत नाहीत. तेव्हा रेषेला समांतर असे प्रचंड विद्युतक्षेत्र तयार होते आणि ते इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांना पुंजक्यांनी पुढे ढकलते. पुंजके वक्र रेषेवरून धावताना वळणावर प्रारण देतात. हिशेब साधा आहे: रेषेच्या वक्रतेची त्रिज्या १०० किलोमीटर आणि कणांचा लोरेंट्झ गुणक १०० असेल, म्हणजे वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के असेल, तर प्रारणाची वारंवारता सुमारे ७०० मेगाहर्ट्झ येते. ती चाइमच्या पट्ट्यात बरोबर बसते.

या बाजूची दुबळी जागाही तितकीच स्पष्ट आहे. समान भाराचे कण एकमेकांना दूर लोटतात. ते पुंजक्यात टिकतात कसे? पल्सारवर काम करणाऱ्या आम्हा लोकांना हा प्रश्न नवा नाही. १९६७ साली पल्सार सापडले, तेव्हापासून त्यांच्या सुसंगत प्रारणाचे सर्वमान्य स्पष्टीकरण झालेले नाही, आणि एफआरबींसाठी तोच प्रश्न कितीतरी पटींनी अवघड होतो. दुसरा आक्षेप बेलोबोरोदोव्ह यांचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. इतकी प्रखर लहर चुंबकावरणातून बाहेर पडेलच कशी? ताऱ्यापासून दूर जाताना ताऱ्याचे चुंबकक्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, पण लहरीचे क्षेत्र केवळ अंतराच्या प्रमाणात. त्यामुळे एका अंतरानंतर लहरच ताऱ्याच्या क्षेत्रापेक्षा बलवान होते, वाटेतील कणांना प्रचंड गती देते, त्यांतून गॅमा किरण आणि नवे कण जन्मतात आणि लहर त्यांच्यातच जिरून जाते. यावर कुमार, झांग आणि इतरांचे उत्तर असे, की लहर ध्रुवाजवळच्या खुल्या रेषांवरून जात असेल आणि तेथील आयनद्रव स्वतःच लहरीच्या दिशेने प्रकाशाच्या वेगाजवळ धावत असेल, तर कण तिच्या तडाख्यात फारसे सापडत नाहीत आणि ती निसटते. हे उत्तर मला पटण्याजोगे वाटते, पण त्यामुळे झोत अरुंद असणे जवळजवळ सक्तीचे होते.

या दोन पक्षांच्या मधली एक वाटही आहे. उद्रेकाचा चुंबकीय झोत चुंबकावरणाच्या सीमेवरील प्रवाहपत्र्यावर (विद्युतप्रवाहाच्या पातळ थरावर) आदळतो, तेथे चुंबकरेषा तुटून पुन्हा जुळतात, आणि त्या खळबळीतून उच्च वारंवारतेच्या चुंबकीय लहरी निघून बाहेर रेडिओ लहरी म्हणून सुटतात. ल्युबार्स्की यांनीच २०२० मध्ये हा पर्याय मांडला. एकाच संशोधकाचे नाव दोन भिन्न प्रतिमानांशी जोडलेले असणे हे या क्षेत्राच्या मोकळेपणाचे लक्षण आहे.

मग निवाडा कशावरून करायचा? माझ्या दृष्टीने तीन कसोट्या निर्णायक आहेत.

पहिली कसोटी काळाची आहे. एम८१ या दीर्घिकेच्या परिसरातील एफआरबी २०२००१२०ई हा स्रोत केवळ १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या स्फोटांत ६० नॅनोसेकंदांचे बारकावे सापडले. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश १८ मीटर जातो. लाखो किलोमीटर दूरच्या आघात तरंगाच्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून असा बारकावा निघायचा, तर त्या पृष्ठभागाचा नगण्य भागच उजळला पाहिजे, आणि मग बाकीच्या ऊर्जेचा अपव्यय मान्य करावा लागतो. चुंबकावरणात असा बारकावा स्वाभाविक आहे.

दुसरी कसोटी ध्रुवणाची, म्हणजे लहरीचे विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेने कंप पावते याची, आहे. आघाताच्या मेसरमधून येणाऱ्या लहरींच्या ध्रुवणाची दिशा समोरच्या चुंबकक्षेत्राने ठरते, म्हणून ती स्फोटभर जवळजवळ स्थिर राहिली पाहिजे. बऱ्याच पुनरावर्ती स्रोतांत ती तशी स्थिर असतेही, आणि आघातवादी त्याकडे बोट दाखवत. पण एफआरबी २०२२१०२२ए या स्फोटात सुमारे २.५ मिलिसेकंदांत ध्रुवणाची दिशा सुमारे १३० अंशांनी, इंग्रजी एस अक्षराच्या वळणाने, फिरली. पल्सारचा अभ्यास केलेल्या कोणालाही ही वळणरेषा पाहताक्षणी ओळखू येते: फिरणाऱ्या ताऱ्याचा झोत आपल्या दृष्टिरेषेवरून जाताना चुंबकरेषांची दिशा जशी बदलत जाते, तशीच ती असते.

तिसरी कसोटी मला सर्वांत सुंदर वाटते आणि ती त्याच स्फोटावर लावली गेली. तारे लुकलुकतात आणि ग्रह लुकलुकत नाहीत, कारण ग्रहाची चकती डोळ्याला बिंदूसारखी नसते आणि तिच्या वेगवेगळ्या भागांची लुकलुक एकमेकांना पुसून टाकते. अवकाशातील विरळ आयनद्रव रेडिओ लहरींबाबत हेच करते. एफआरबी २०२२१०२२ए मध्ये दोन प्रकारची लुकलुक सापडली, एक आपल्या आकाशगंगेतील आयनद्रवामुळे आणि दुसरी स्रोताच्या स्वतःच्या दीर्घिकेतील आयनद्रवामुळे. ही दुसरी लुकलुक पुसली गेलेली नव्हती, याचा अर्थ स्रोत बिंदूवत असला पाहिजे, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिशेबानुसार त्याचा आडवा विस्तार सुमारे ३० हजार किलोमीटरहून कमी निघाला. सेकंदाला एकदा फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या चुंबकावरणाची त्रिज्या सुमारे ४८ हजार किलोमीटर असते. म्हणजे मोजमाप चुंबकावरणाच्या आवाक्यात आले, आणि दूरच्या आघाताच्या प्रतिमानाला अपेक्षित असलेल्या आकारापेक्षा ते पुष्कळ लहान आहे.

याला मी ऊर्जेचा एक हिशेब जोडेन. फास्ट दुर्बिणीने २०१९ मध्ये ४७ दिवसांच्या काळात एफआरबी १२११०२ चे १,६५२ स्फोट नोंदले. आघाताची प्रक्रिया फार थोडी ऊर्जा रेडिओत रूपांतरित करते, त्यामुळे एवढे स्फोट तिच्यातून काढायचे तर मॅग्नेटारच्या एकूण चुंबकीय साठ्याचा लक्षणीय वाटा काही आठवड्यांत खर्ची पडलेला मानावा लागतो, आणि हा स्रोत तर २०१२ पासून जागा आहे. अरुंद झोत आणि अधिक कार्यक्षम प्रक्रिया मानली की ही अडचण पुष्कळ सैल होते. या सर्व कारणांनी मी चुंबकावरणाच्या बाजूने कौल देतो. पण तो कौल स्थळापुरता आहे. चुंबकावरणात पुंजक्यांचे वक्रता-प्रारण होते, की पुंजके कमी वारंवारतेच्या लहरींना धडका देऊन त्यांची वारंवारता वाढवतात, की तेथे आणखी एखादी आयनद्रवी अस्थिरता काम करते, यांत निवड करणारे निरीक्षण अजून व्हायचे आहे.

एकदाच दिसलेल्या स्फोटांबद्दलही विचारणा होते, म्हणून थोडक्यात सांगतो. चाइमच्या २०२१ च्या पहिल्या सूचीत ५३६ स्फोट होते आणि त्यांत पुनरावर्ती स्रोत केवळ १८ होते. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे विलीनीकरण, किंवा अतिजड न्यूट्रॉन तारा कोसळून त्याचे कृष्णविवर होणे, अशा स्रोताचाच अंत करणाऱ्या घटनांची प्रतिमाने २०१३-१४ च्या सुमारास पुढे आली. ती चुकीची भौतिकी सांगत नाहीत, पण विश्वात अशा घटना जितक्या घडतात त्यापेक्षा एफआरबी पुष्कळ जास्त घडतात. म्हणून बहुसंख्य स्रोतांनी आयुष्यात अनेकदा स्फोट केलेच पाहिजेत, मग आपल्याला त्यांतला एकच दिसला असला तरी. मात्र पुनरावर्ती स्रोतांचे स्फोट सरासरीने अधिक वेळ टिकतात आणि वारंवारतेत अधिक अरुंद असतात, हा फरक खरा आहे. तो पाहण्याच्या कोनामुळे आहे की दोन जाती आहेत म्हणून, यावर मतभेद आहेत. वैश्विक तंतू किंवा परग्रहवासीयांचे प्रकाशशिडाचे यान यांसारख्या कल्पनांची येथे चर्चा करत नाही, कारण त्यांच्यामुळे आजचे एकही मोजमाप अधिक चांगले समजत नाही.

मॅग्नेटार हा कर्ता मानला तरी तो कोणत्या जन्माचा, कोणत्या वयाचा, कोणत्या सोबतीतला, हे प्रश्न राहतात आणि प्रक्रियेवर त्यांचा थेट परिणाम होतो. एफआरबी १२११०२ भोवती सतत चमकणारा रेडिओ स्रोत आहे आणि तेथील चुंबकित द्रव्यामुळे लहरींचे फॅरडे परिवलन (ध्रुवणाच्या दिशेचे वळणे) दर चौरस मीटरला एक लाख रेडियनच्या घरात होते. पुढच्या अडीच वर्षांत ते सुमारे एक-तृतीयांशाने घटले. तरुण ताऱ्याभोवतीचा प्रसरण पावणारा तेजोमेघ या वर्णनाला शोभतो. पण एम८१ मधील स्रोत एका गोलाकार तारकागुच्छात आहे, जेथे सगळे तारे अब्जावधी वर्षांचे आहेत आणि जड तारा कोसळून नवा मॅग्नेटार जन्मण्याचा काळ केव्हाच सरला आहे. तेथे श्वेतबटू, म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याचा घन अवशेष, वस्तुमान ओढून घेत कोसळला असावा किंवा दोन श्वेतबटू एकत्र आले असावेत. एफआरबी २०२४०२०९ए हा स्रोतही तारे घडवणे कधीच थांबवलेल्या एका जुन्या लंबवर्तुळाकार दीर्घिकेच्या सीमेवर सापडला. एफआरबी २०१८०९१६बी दर १६.३५ दिवसांच्या चक्राने जागा होतो, आणि त्या चक्रात उच्च वारंवारतेचे स्फोट आधी आणि कमी वारंवारतेचे नंतर येतात. जोडीदार ताऱ्याभोवतीचे भ्रमण, फिरत्या ताऱ्याच्या अक्षाचे डोलणे आणि अतिशय संथ परिवलन, अशी तीन स्पष्टीकरणे दिली जातात. जोडीदाराचा वारा कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो ही त्यांतली सर्वांत सोपी कल्पना होती. पण लोफार या युरोपातील कमी वारंवारतेच्या रेडिओ दुर्बिणीने हा स्रोत ११० मेगाहर्ट्झपर्यंत खाली पाहिला, आणि दाट वाऱ्याच्या पडद्याआडून तो तेथे दिसायला नको होता. एफआरबी २०१९०५२०बी मध्ये फॅरडे परिवलनाचे चिन्हच उलटले, म्हणजे लहरींच्या वाटेतील चुंबकक्षेत्राची दिशा उलटली. तेथे मात्र जोडीदार असण्याची कल्पना मला सोडवत नाही.

चुंबकावरणाच्या बाजूने कौल देणाऱ्यांनी एक अडचण झाकून ठेवू नये. स्फोट फिरत्या ताऱ्याच्या चुंबकावरणातून येत असतील, तर त्यांच्या आगमनकाळांत परिवलनाचा ठेका उमटला पाहिजे. एफआरबी २०१९१२२१ए या सुमारे तीन सेकंदांच्या एकाच स्फोटात २१६.८ मिलिसेकंदांचा ठेका आहे खरा. पण ज्यांचे हजारो स्फोट हाती आहेत अशा पुनरावर्ती स्रोतांत, पुष्कळ शोधूनही, असा ठेका ठळकपणे वर आलेला नाही. झोताची दिशा स्फोटागणिक बदलत असेल, किंवा चुंबकीय अक्ष आणि परिवलनाचा अक्ष जवळजवळ एकच असतील, तर ठेका पुसला जाऊ शकतो. ही दोन्ही उत्तरे शक्यतेच्या कोटीतली आहेत आणि प्रत्येक स्रोतासाठी ती स्वतंत्रपणे तपासावी लागतील.

पुढचा निर्णायक पुरावा जवळच्या दीर्घिकांतून येईल असे मला वाटते. आघाताच्या प्रतिमानात क्ष-किरण आणि रेडिओ लहरी यांच्या ऊर्जेचे प्रमाण बहुतांशी ठरलेले आहे, तर चुंबकावरणात ते स्फोटागणिक कितीही बदलू शकते. एम८१ मधील स्रोताचे रेडिओ स्फोट चालू असताना क्ष-किरण दुर्बिणी त्याच्याकडे पाहत होत्या आणि त्यांना काही सापडले नाही. त्यामुळे २००४ सारखा महाउद्रेक त्या स्फोटांबरोबर होत नाही एवढे निश्चित झाले. एसजीआर १९३५ च्या प्रमाणात येणारे क्ष-किरण मात्र इतक्या अंतरावरून आजच्या उपकरणांना दिसण्याजोगे नाहीत. चाइमच्या सोबतीला दूर अंतरावर उभारलेल्या सहायक दुर्बिणींमुळे आता एकाच स्पंदावरून स्रोताचे स्थान काढता येते. त्यांच्या नोंदींत एम८१ इतका जवळचा पण त्याहून पुष्कळ प्रखर स्रोत सापडला आणि त्याच क्षणी एखादी क्ष-किरण दुर्बीण त्याच्याकडे पाहत असली, तर त्या दोन ऊर्जांचे गुणोत्तर एका स्फोटापुरते तरी थेट मोजता येईल.